कडेवरचं मूल

गिरगाव, मुंबई

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा पहिला वाढदिवस झाला. पाहुणे गेल्यावर आवराआवर करताना आजी म्हणाली, "पोरीला एवढी पोर्तुगालला, लिस्बनला नेलीत, तिला त्यातलं काय आठवणार आहे?" मी काही बोलले नाही. खरंच, तुला काहीच आठवणार नाही; तू तेव्हा नऊ महिन्यांची होतीस. म्हणून मला सगळं लख्ख आठवतंय तोवर लिहून ठेवते.

बाबांची आणि माझी सुट्टी जुळली ती एकाच आठवड्याची. आखातात विमान बदलून जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, हातात पाच उरले. तुझा पासपोर्ट वेगळा काढावा लागला. फोटोत मागे पांढरं हवं आणि डोळे उघडे हवेत, म्हणून बाबांनी तुला पांढऱ्या चादरीवर निजवून अर्धा तास खुळखुळा वाजवला. व्हिसाही तुझा वेगळा, पण सहा वर्षांखालच्या मुलांना त्याची फी नसते. विमान चढताना आणि उतरताना मी तुला अंगावर पाजत राहिले. मूल गिळत राहिलं की कानातला दाब सुटतो. तू रडली नाहीस.

मला खरी काळजी होती तुपाची. बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आजीने भरून दिलेली बाटली इथेच राहिली. नाचणीचं सत्त्व आणि तांदूळ-मुगाची भरड बरोबर होती, पण बिनतुपाचा भात तू तोंडातून बाहेर काढायचीस. आल्फामा हा तिथला जुना, चढउतारांचा भाग. तिथे आम्ही दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिनमिठाचं लोणी आणलं आणि कढवायला ठेवलं. वास जिन्यातून खाली गेला असणार, कारण घरमालकीणबाई वर आल्या. सत्तरीच्या असतील. मी बेरीत साखर घालून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची, तरी बटाट्याला त्याही जवळजवळ बटाटाच म्हणत होत्या. चावी देताना म्हणाल्या ते 'शाव्', पाव म्हणजे 'पाँव', आणि दुकानातल्या गल्ल्यावर लिहिलेलं 'पगार'. आपल्याला मिळतो तो पगार, त्यांच्याकडे द्यायचा तो. आपल्या रोजच्या बोलीतले हे शब्द पोर्तुगीजातून, एवढ्या लांबून आले आहेत, हे मी शाळेत शिकले होते, पण कानांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

ऑक्टोबरात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तू गिरगावच्या साडेसहाला उठायचीस, म्हणजे तिथे रात्रीचे दोन. तीन रात्री आपण दोघी खिडकीशी बसून काळ्या तेजू नदीवरचे दिवे पाहिले. उजाडता उजाडता पोर्तश दु सोल या सज्जासारख्या चौकात जायचो. नावाचा अर्थच 'सूर्याची दारं'. वर्दळ सुरू व्हायच्या आत तिथे कबुतरं आणि आपण तिघं, एवढेच असायचो.

बाबागाडी मात्र पहिल्या दिवसानंतर उघडलीच नाही. चुनखडीच्या बारक्या दगडांची ती फरसबंदी, पायांनी झिजून गुळगुळीत झालेली, आणि त्यावर चढ! तान्ह्या मुलाला लिस्बनला न्यायचं तर बाबागाडी नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. मग तू पाचही दिवस आमच्या अंगावरच होतीस.

जेरोनिमोस मठाबाहेर उन्हात लांबलचक रांग होती. आम्ही शेवटी उभे राहिलो तोच तिथल्या माणसाने हात केला. मी म्हटलं, थांबतो की. त्याने तुझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "क्रियान्सा द कोलू." कोलू म्हणजे मांडी, कूस; सगळं मिळून आपल्या बोलीत कडेवरचं मूल. तिथे २०१६ पासून कायदाच आहे, दोन वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असलं की आधी आत. तू पोटात होतीस तेव्हा चर्नी रोडला मी लेडीज डब्यात चढले की कोणी ना कोणी बाई उठायची. त्या बायकांचं प्रेम मी विसरणार नाही. पण प्रत्येक वेळी कोण उठेल म्हणून चेहरे शोधावे लागायचे, ते तिथे लागले नाहीत. आईला एवढा हक्क कागदावर मिळायला हवा, आपल्याकडेही. आत वास्को द गामाची समाधी आहे, १४९८ साली कालिकतला उतरलेल्या त्याची. तू तिच्यासमोर गाढ झोपली होतीस.

मला जायचं होतं साव व्हिसेन्तच्या मठात. तिथे ब्रगांझा या पोर्तुगालच्या राजघराण्यातल्यांच्या संगमरवरी शवपेट्या भिंतींच्या कडेने मांडल्या आहेत. त्यांत कॅथरीन आहे. १६६१ च्या करारात जिच्या हुंड्यात मुंबईचं बेट इंग्लंडच्या राजाला गेलं, ती. आपलं गिरगाव त्याच बेटावरचं. तिने मुंबई कधी पाहिली नाही. तिला मूल व्हावं म्हणून सगळं राज्य वाट पाहत होतं, आणि तिचं एकही मूल जगलं नाही. नवऱ्याच्या मागे ती माहेरी, लिस्बनला परत आली आणि १७०५ साली तिथेच गेली. तिचं नाव सापडलं तेव्हा तू एकदम जोरात ओरडलीस, खुशीने. दालन घुमलं. बाबा तुला बाहेर न्यायला निघाले. मी म्हटलं, असू दे. मुंबईची पोर तिच्यासमोर ओरडत होती, आणि माझे डोळे भरून आले होते.

कार्मोचं चर्चही पाहिलं. १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलं ते पुन्हा घातलेलंच नाही, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या. माझं आजोळ वसईचं, किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये मी लहानपणी लपंडाव खेळले आहे, त्यामुळे मला ते परकं वाटलंच नाही. लिस्बनजवळच्या सिन्त्राला जायचं राहिलं. दिवसाला दोन ठिकाणं, मधे तुझी झोप, एवढंच जमलं.

निघायच्या दिवशी उरलेलं तूप बरणीत भरून मालकीणबाईंना दिलं. त्यांनी बरणी पायरीवर ठेवली आणि आधी तुला घेतलं, अगदी आपली आजी घेते तसं, कमरेवर बसवून. तू त्यांचं कानातलं धरलंस ते सोडेनास. टॅक्सी खाली उभी होती, बाबा हाका मारत होते, आणि आम्ही दोघी मिळून तुझी एकेक बोटं सोडवत होतो.

तू उठलीस वाटतं, आजी हाक मारतेय. बाकीचं पुन्हा लिहीन.

तुझी,
आई