नातवाला घेऊन ये, ओहोटीची वेळ बघून

मळा, पणजी
१२ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, डिसेंबरात नातवाला घेऊन चार दिवस येतोय, पण समुद्रकिनारा सोडला तर सहा वर्षांच्या पोराला पणजीत दाखवायचं काय? तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण रात्री झोप लागेना. याच गावात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटलं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सावकाश वाच.

सगळ्यात आधी त्याला रुआ द ओरेमच्या खाडीवर ने. आपल्या लहानपणी घरचे तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, चिखल आणि वास म्हणून. आता पाटोच्या बाजूला खारफुटीतून जाणारी पायवाट केली आहे. पूर्ण ओहोटी असेल तेव्हाच जा. पाणी उतरलं की तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. हे पोराला सांगितलंस की तो त्या मुळांकडे वेगळ्याच नजरेने बघेल. मग गप्प उभं राहायचं. आपली हालचाल थांबली की पाच मिनिटांत बिळातून खेकडे निघतात. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते, ती वर-खाली हलवत तो जणू कोणाला तरी हाक मारत असतो. आणि निवट्या! मासा असून चिखलावर चालतात, डोळे डोक्यावर, कल्ल्याजवळच्या परांवर रेटा देत पुढे सरकतात. गेल्या रविवारी माझा पाऊण तास तिथे कसा गेला कळलं नाही. एक निवटी दुसरीच्या हद्दीत शिरली, तर दोघींनी पाठीवरचे पर पंख्यासारखे उभारले आणि समोरासमोर तोंडं उघडून उभ्या राहिल्या. तिकीट नाही, रांग नाही.

आता इगर्जेसमोरच्या, म्हणजे चर्चसमोरच्या बागेबद्दल. तुला ती आठवते ती खांबामुळे. पूर्वी त्याच्यावर वास्को द गामा होता, आता सिंहमुद्रा आहे. बागेला नाव गार्सिया द ओर्ताचं. या वैद्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. बागेला वैद्याचं नाव आहे, हे मला मनापासून पटतं. कारण सांगतो.

आई रोज संध्याकाळी पाच वाजता त्या बागेत जायची. ठरलेलं बाकडं, ठरलेल्या चौघीजणी, घरून पाण्याची बाटली. मध्यंतरी शहरभर रस्ते खणले होते तेव्हा एका उघड्या चरात तिचा पाय गेला आणि मनगट मोडलं. तिथे ना पट्टी बांधलेली, ना दिवा. मी तक्रार केली, कोणी दाद दिली नाही. हाड दोन महिन्यांत जुळलं, पण बाहेर पडायची भीती गेली नाही. आठ महिने ती घरात होती. खाणं कमी झालं, बोलणं कमी झालं, एकाच खिडकीत बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मला दिसत होतं की ठीक नाही. शेवटी गणपतीनंतर एके दिवशी मी हात धरून तिला बागेपर्यंत नेलं. बाकड्यावर तिघीजणी होत्या. एक मधल्या काळात गेली होती. आई बसली, पदराने बाकडं पुसलं आणि म्हणाली, ‘अजून तेच आहे.’ त्या रात्री ती एक पोळी जास्त जेवली. अविनाश, बाग ही चैन आहे असं कोणी म्हटलं की मला खरोखर राग येतो.

पोराला कांपालला नेलंस तर बालविहारात झोपाळे-घसरगुंड्या आहेतच, त्याचं मी काय सांगू. तुला मात्र कला अकादमीतून चालत जायला सांगेन. चार्ल्स कोरियांनी ती इमारत अशी बांधली की रस्त्यावरून आत शिरलेला माणूस कार्यक्रमाचं तिकीट नसलं तरी सावलीतून चालत थेट मांडवीच्या काठाला पोचतो. हा सगळा भाग एकेकाळी दलदल होता. १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीत आली त्याच्या आधीच भराव टाकून तो सपाट केला गेला. आता समोरच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, रात्रभर झगमगाट. मला तो काठावरचा मोकळा तुकडा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे बसायला खिसा चाचपावा लागत नाही. असे तुकडे कमी होऊ देता कामा नयेत, एवढं माझं ठाम मत आहे.

मिरामारला तू जाशीलच. सुरूंच्या सावलीत बस, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांब. पोहायला मात्र पोराला उतरवू नकोस, तिथे नदी समुद्राला मिळते, ओढ फसवी असते.

एक सकाळ चोडण बेटासाठी राखून ठेव. रायबंदरला जाताना जुन्या पुलावरूनच जाऊ. १६३३-३४ सालचा तो दगडी बांध, एका बाजूला मिठागरांची जमीन, दुसऱ्या बाजूला नदी. फेरीबोट पोराला विमानापेक्षा जास्त आवडेल, लिहून ठेव. पलीकडे सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. इथे उलटा हिशेब, भरती हवी, म्हणजे होडी आतल्या फाट्यांत शिरते. खंड्या तर दिसणारच. दुर्बीण माझ्याकडे आहे.

तेव्हा तारखा नक्की कळव, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा मी आधीच काढून ठेवतो. पोराला जुने बूट दे, चिखल लागणार. वहिनींना नमस्कार. आईने विचारलंय, तो मुलगा खोबऱ्याच्या वड्या खातो का? बागेत येताना ती डबा घेऊन येणार आहे.

तुझा,
विनायक