पावसाच्या बाजूला बसलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमच्या कुत्रीचं मात्र पक्कं ध्यानात राहिलंय, डेझी. आयर्नब्रिजच्या पुलाशेजारी बाकावर भिजत बसलेलं एक म्हातारं जोडपं आठवतंय का? ते आम्ही. कोल्हापूरचे. पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं मला दुसऱ्या भाषेत जमत नाही. लेक इंग्रजी करून देईल.

मी छत्तीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत काढली. आधी मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, मग सुपरवायझर. ज्याचा जन्म बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामात गेला त्यानं इंग्लंडला येऊन श्रॉपशर नाही बघायचं तर काय बघायचं? तुमच्या कोलब्रुकडेलमध्ये १७०९ साली अब्राहम डार्बीनं लाकडाचा लोणारी कोळसा बाजूला ठेवून कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंडाची भट्टी चालवली. आमच्या पोटापाण्याचा उगमच तो. त्याच्या नातवानं १७७९ साली सेव्हर्न नदीवर बिडाचा पूल उभा केला, जगातला पहिला मोठा. त्याचा फोटो आमच्या शॉपमध्ये कपाटाच्या दारावर कितीतरी वर्षं चिकटवलेला होता.

लेक बर्मिंगहॅमला असते. तिला सुट्टी मिळेना, म्हणून तिथल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडून गाडी ठरवली. मराठी माणूस. 'काका-काकू, निर्धास्त राहा' म्हणाला आणि पैसे आगाऊ घेतले. भट्टी, पूल आणि दुपारून श्रूजबरी असा बेत होता. ड्रायव्हरनं पुलाशी उतरवलं, 'तासाभरात येतो' म्हणाला आणि गेला तो गेलाच. ट्रॅव्हलवाल्याला फोन केला, तर म्हणे, 'गाडी अडकलीय, तोवर फिरून घ्या.' फिरून काय घ्या? हिचे दोन्ही गुडघे गेलेले आणि वरनं पावसाची झड. तिसऱ्यांदा लावला तर फोन बंद. आपला माणूस! परदेशात या दोन शब्दांवर किती जणांची दुकानं चालतात, देव जाणे.

तेवढ्यात डेझी आली आणि हिच्या पिशवीत तोंड घालून बसली. मागून तुम्ही. माझ्या 'कार नो कम'वरून तुम्हाला सगळं समजलं, हा तुमचा मोठेपणा. तुम्ही विचारलंत, पूल बघितला का? म्हटलं, वरून बघितला, खालून राहिलाय. पूल खालूनच बघायचा असतो, पण पायऱ्या उतरणं हिला जमणारं नव्हतं आणि हिला एकटीला सोडणं मला. तुम्ही काही बोलला नाहीत. हिच्या शेजारी बसलात, घडीची छत्री उघडलीत आणि मला हातानंच खूण केलीत, जा.

खाली मी चाळीस मिनिटं होतो. शंभर फुटांची कमान, पावणेचारशे टनांच्या वर बीड. कमानीचा एकेक अर्धा तुकडा सत्तर फूट लांब नि पाच टनांवर, आणि तो एका ओतात काढलेला! पण माझी नजर सांध्यांवरून हटेना. बिडाचा एवढा मोठा पूल जोडायची ठरलेली रीत तेव्हा नव्हती, म्हणून त्या लोकांनी सुताराची विद्या वापरली. खाच, खुंटी, डव्हटेल, पाचर. लाकडाचं माळवद जोडावं तसा पूल जोडलाय. एकसारखे म्हणून ओतलेले तुकडेसुद्धा मापाला बोट-दोन बोटं इकडंतिकडं, जागेवर बेतून बसवलेले. आमच्या क्वालिटीवाल्यानं निम्मा माल परत पाठवला असता. आणि १७९५ च्या पुरात आजूबाजूचे पूल मोडले तेव्हा हाच तेवढा धडधाकट राहिला.

भान आलं तसा धापा टाकत वर आलो. बघतो तर तुम्ही ठसकताय, डोळ्यांतून पाणी, आणि ही पदर तोंडाला लावून हसतेय. डब्यातली भडंग दिली होती तुम्हाला. कोल्हापुरी. तरी मूठ संपवलीत!

पण काका, मी बघत होतो ते तुमच्या डाव्या खांद्याकडं. छत्री लहान, ती अख्खी हिच्यावर धरलेली. तुमचा उजवा खांदा कोरडा आणि डावीकडं कोट कोपरापर्यंत काळा पडलेला, बाहीच्या टोकातून थेंब गळतायत. चाळीस मिनिटं. हिला तर पत्ताच नव्हता, तुम्ही तिला कळूच दिलं नव्हतं.

आमच्याकडं लेडलमधनं, म्हणजे मोठ्या पळीतनं, वितळलेलं लोखंड ओतताना नवं पोरगं शेजारी असलं, की जाणता मोल्डर गपचूप सरकून धगीच्या बाजूला उभा राहतो. 'बाजूला हो रे' असंही म्हणत नाही. मला तसं उभं राहणारे एक मिस्त्री भेटले होते, म्हणून माझा चेहरा शाबूत आहे. पुढं मीही राहिलो असेन कुणासाठी. अशी माणसं ओळखायची खूण एकच, त्यांचा एका बाजूचा कपडा खराब झालेला असतो.

पुढचं काय सांगू. गाडीत घातलंत, कोलब्रुकडेलची जुनी भट्टी दाखवलीत. तिच्या बिडाच्या तुळईवर १७७७ आकडा आहे, त्यावरून हात फिरवावासा वाटला, फिरवला नाही. मग टेलफर्ड स्टेशन. पैसे पुढं केले तर डेझीकडं बोट दाखवलंत, म्हणजे तिला विचारा!

श्रूजबरी नंतर लेकीबरोबर झालं. १७९७ ची गिरणी बघितली, बिडाच्या खांब-तुळयांवर उभी असलेली जगातली पहिली इमारत. चौकात क्लाइव्हचा पुतळाही भेटला. १७५६ साली आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला आलेला तो हाच, त्यामुळं त्याच्यासोबत फोटो काढला नाही. ट्रॅव्हलवाल्यानं पैसे अजून परत केलेले नाहीत.

लेक पुढच्या महिन्यात परत तुमच्याकडं जाणार आहे. हिनं तिच्या सामानात भडंगाचं पाकीट ठेवलंय, मिरची निम्मी घालून. पुलाजवळच्या दुकानात देऊन ये म्हटलंय. डेझीचे मालक म्हटलं की कळेल त्यांना.