कासव सुटतं, जाळं फाटतं

थंडी पडली की नाशिकच्या गाड्या नांदूरमध्यमेश्वरकडे वळतात, पक्षी बघायला. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बिणीसाठी नंबर लागतात. जानेवारी २०२० मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तर जास्तच. पण गोदावरी-कादवेच्या त्या गढूळ पाण्यात, बदकांच्या पोटाखाली कोण राहतं, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आम्ही त्याच्यासाठी हात पसरतोय.

ते म्हणजे लीथचं मऊ पाठीचं कासव. दक्षिण भारताच्या आणि दख्खनच्या नद्यांखेरीज जगात कुठेही नाही. आंतरराष्ट्रीय यादीत 'अतिसंकटग्रस्त'. २०२२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. कागदावर सगळं चोख आहे. अडचण जाळ्यात आहे.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला आमच्यातले बरेचजण मासे धरतात. पहाटे जाळं जड लागलं की आधी आनंद होतो, मग सोंडेसारखं नाक वर येतं. हे कासव पाठीवरून उचलता येत नाही. लांब मान मागे वळवून असं चावतं की बोट जायचं. ओलं पोतं डोक्यावर टाकायचं, मागच्या कडेला धरायचं आणि पायाभोवतीचे फास एकेक करून कापायचे. ओढलं तर कातडं सोलतं. अर्ध्या तासाने कासव पाण्यात जातं आणि जाळ्याला माणूस निघेल एवढं भगदाड पडलेलं असतं. त्या दिवसाची कमाई गेली, वर जाळंही गेलं.

खरं सांगायचं तर पूर्वी ते कालवणात जायचं. उपदेशाने हे थांबलं नाही. थांबायला लागलं ते 'कासव सोड, जाळं आम्ही भरून देतो' असं गावाने ठरवल्यावर. फोटो काढायचा, वनखात्याला कळवायचं, सापडलं तिथेच सोडायचं. आतापर्यंत हा खर्च आम्ही आपसात वर्गणी काढून भागवला. आता पेटी रिकामी आहे.

म्हणून मागणं एवढंच : जाळ्यांसाठी पैसे. किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. रोख देणार असाल तर गावात येऊन द्या, पावती घ्या आणि ज्याचं जाळं फाटलं त्याच्याशी दोन शब्द बोलून जा. चहा आमच्याकडे. सुट्टीचा एखादा दिवस देता आला तर काठावरच्या वाळूच्या पट्ट्यांवर फिरायला माणसं हवीत. मादी काठावर अंडी घालते आणि वाळू उपसणारे तिथेच येतात.

आणि घरात वास्तूसाठी कासव ठेवलं असेल, तर कृपा करून ते रामकुंडावर किंवा आमच्या बंधाऱ्यात आणून सोडू नका. दुकानातलं लाल कानाचं परदेशी असेल तर मुळीच नको. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

वस्तू देणार असाल तर जुनी दुर्बीण चालेल. जुनं जाळं मात्र नको. ते पाण्यात तुटून राहतं आणि पुढचं कासव त्यातच सापडतं.