इलेक्ट्रिक गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर शिकवणार कोण?

मा. संपादक, स.न.वि.वि.

हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या वाढतायत, चांगलंच आहे, मी पण इलेक्ट्रिकच चालवतो. पण घेताना सगळे रेंज विचारतात, चार्जिंगला किती वेळ लागतो विचारतात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय कसा ठेवायचा हे कोणी विचारत नाही आणि शोरूमवाले पण सांगत नाहीत.

पेट्रोलच्या गाडीत रेस दिली की आधी आवाज वाढतो, क्लच सोडावा लागतो, मग गाडी उचलते, म्हणजे पाय जास्त पडला तरी कानाला आधी कळतं. इलेक्ट्रिक मोटर उभ्या गाडीलाच जवळपास सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, देऊन टाकते, आवाज नाही, गिअर नाही. पेडलखाली फक्त सेन्सर, किती ताकद सोडायची ते सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणून इको मोडमध्ये जेवढं दाबून गाडी मऊ निघते तेवढंच स्पोर्ट मोडमध्ये दाबलं की डोकं सीटला टेकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, समोर खांब आणि मागे पोरं खेळतायत अशा जागी, हा फरक फार मोठा आहे हो.

पाय उचलण्याचंही तेच. रेजन, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी थोडी चार्ज करते ती सोय, जास्त ठेवलं की पाय काढताक्षणी गाडी ब्रेक मारल्यासारखी ओढली जाते. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाय सारखा वर-खाली केला की मागे बसलेल्यांना मळमळायला लागतं, माझ्या आईला एरवी गाडी लागत नाही तिला सुद्धा. रेजन एका लेव्हलने कमी करून पाय सावकाश सोडला की त्रास बराच कमी होतो, पण हे दाखवायला कोणीतरी शेजारी बसायला हवं ना!

मे २०२३ मध्ये चीनने टेस्लाला ११ लाखांवर गाड्या रिकॉल करायला लावल्या, कारण रेजन कमी-जास्त करायची सोय नव्हती आणि अ‍ॅक्सिलरेटर बराच वेळ खोल दाबून ठेवला तरी ड्रायव्हरला नीट इशारा मिळत नव्हता. दुरुस्ती झाली सॉफ्टवेअर अपडेटने. आपल्याकडे ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं गेली, ड्रायव्हरला या ऑटोमॅटिक बसचं ट्रेनिंग पुरेसं मिळालं होतं का हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल, पण ट्रेनिंगचा प्रश्न त्यासाठी थांबायची काय गरज?

आजही क्लच-गिअरच्या गाडीवर लायसन्स काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिक घेऊन एक्सप्रेसवेला लागू शकतो. म्हणून माझी मागणी साधी आहे, डिलिव्हरी देताना शोरूमने रिकाम्या रस्त्यावर तासभर तरी सराव करून घ्यावा, गाडी दरवेळी चालू होताना इकोमध्येच यावी, आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी निदान एक इलेक्ट्रिक गाडी ठेवावी. परिवहन विभागाने यावर लवकर काहीतरी ठरवावं.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे