पडवीवाल्या काकूंना उघड पत्र

ती. काकूंना सा. न. वि. वि.

शाल-श्रीफळाचं नाव काढलं तर तुम्ही दार लावून घ्याल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. समोरासमोर बोलायला गेलो तर आमच्यातला एकही वाक्य पुरं करणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

जूनमध्ये नाटकाच्या तालमींसाठी हॉलचं भाडं परवडेना, तेव्हा आम्ही ‘आठ दिवसांपुरती’ म्हणून तुमची पडवी मागितली. चवथीची सुट्टी सोडली तर आजही आम्ही तिथेच आहोत. तुमचे नारळ माळ्यावर गेले, झोपाळा कडीला टांगला गेला आणि वेंगुर्ल्याच्या पावसात आमची पायपेटी कपाटात, पेटत्या बल्बच्या शेजारी, तुमच्या पापडांसोबत सुकत राहिली. पट्ट्या फुगल्या नाहीत. पापडांचा वास मात्र तिला कायमचा लागलाय.

पण पडवीपेक्षा मोठं देणं वेगळंच आहे. ‘संगीत शारदा’ करायचं ठरलं तेव्हा देवलांचं हे १८९९ सालचं नाटक आपण संहिता कापून अडीच तासांत बसवलं की झालं, असं आम्हाला वाटत होतं. भुजंगनाथ, म्हणजे कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा, करणारा आमचा रिक्षावाला अठ्ठावीस वर्षांचा. त्याने पहिल्याच दिवशी कंबर वाकवली, हात थरथरवले आणि खोकायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, “अरे, ह्या म्हाताऱ्याक लगीन करूचा आसा. तो खोकतलो कित्याक? छाती काढून चलतलो.”

त्या एका वाक्याने नाटक उलटं झालं. आता आमचा भुजंगनाथ ताठ चालतो, मिशीला पीळ देतो, आणि शारदेकडे बघताना त्याचा गुडघा एकदाच, नकळत, लचकतो. तालीम बघायला आलेले लोक हसतात आणि लगेच गप्प होतात. आम्ही दोन महिने डोकं आपटून जे मिळवलं नसतं, ते तांदळातल्या खड्यासारखं तुम्ही सहज बाजूला काढून दिलंत.

आणि तो फळा! ‘याच नाटकामुळे शारदा कायदा झाला’ असं मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही जाहिरातीला तयार होतो. तुम्ही ओला फडका हातात दिलात. १९२९ च्या त्या बालविवाहविरोधी कायद्याला नाव पडलं ते विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून. ‘सारडा’ची ‘शारदा’ आपल्या तोंडी झाली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंसमोर आम्ही काय काय लिहिलं असतं, देव जाणे.

आता पुढचं. पहिला प्रयोग ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, देवळाच्या सभामंडपात. त्यानंतर जत्रा सुरू होतील. दशावतार असेल त्या रात्री आपलं नाटक लावण्याचा शहाणपणा कुणी करणार नाही, समोर फक्त कुत्री बसतील. म्हणून दुसरा प्रयोग थेट जानेवारीत. मे महिन्यात चाकरमानी आले की मालवणी एकांकिका आणि मुलांचं छोटं नाटक, तेही तुमच्याच खळ्यात, माटव घालून. परवानगी मागत नाहीये, कळवतोय.

एक विनंती आहे. तालमीला तुम्ही पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला बसलात. प्रयोगाला मात्र विंगेत बसू नका. कुणी अडखळला तर अडखळू दे. तुमची हात असलेली लाकडी खुर्ची रिक्षातून आणून मधोमध ठेवणार आहोत. तिथे बसा, आणि आवाज मागेपर्यंत पोचला नाही तर नेहमीसारखं ओरडा.

आपली,
पडवीतली सगळी पोरं

ता. क. तुमचे दोन कप आमच्या हातून फुटले. तिसरा मांजराने फोडला, त्याचा आळ आमच्यावर नको.