ओसाड सड्याची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सुटीच्या दिवशी गोव्याच्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते. कोणी दूधसागर पाहायला निघतो, कोणी हरवळ्याचा धबधबा. वाटेत लागणारे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी कातळ पठारे, मात्र झाडोरा नाही म्हणून बिनकामाचे ठरतात, आणि एकदा जागा ओसाड ठरली की तिथे चिरेखाण किंवा भूखंड येण्यास फारसा वेळ लागत नाही. या समजुतीविषयी चार शब्द लिहू इच्छितो.

जांभ्यातील पोषक द्रव्ये हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन गेलेली असतात आणि मागे उरतात ती मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमची संयुगे. सड्यावरच्या मातीचा थर बोटभरही नसतो आणि त्यात नत्राची वानवा असते. अशा ठिकाणी तग धरणाऱ्या वनस्पतींनी अन्नासाठी निराळाच मार्ग शोधलेला आहे. दवबिंदू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकाशी चिकट थेंब चमकतात आणि त्यांना भुललेला कीटक तिथेच अडकून पचवला जातो. सीतेची आसवे ही जांभळट-निळी फुले तर बहुतेकांनी पाहिलेली असतात, परंतु त्या नाजूक रोपाचे खरे कसब चिखलाखाली चालते : तिथे त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात, आणि पिशवीच्या तोंडावरील केसाला एखाद्या जलजीवाचा स्पर्श झाला की डोळ्याचे पाते लवायच्या आत तो पाण्यासकट आत खेचला जातो. हे पाहण्यासाठी अभयारण्याची परवानगी लागत नाही; गुडघे टेकून वाकण्याची तयारी आणि साधे भिंग एवढे पुरते. (पायांतील बूट मात्र खडकावरच ठेवावेत, फुलांच्या गालिच्यावर नव्हे.)

याच जांभ्यावर माणसानेही आपली खूण सोडली आहे. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथील पणसायमळावर, जांभ्याच्या कातळात शंभराहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत : वशिंडाचे बैल, इतर जनावरे, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी फिरत जाणारी वर्तुळे. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, पुरातत्त्वज्ञांना १९९३ मध्ये ही चित्रे दाखवली ती तिथल्याच गावकऱ्यांनी. संशोधनाची पहिली पायरी ही अशी स्थानिकांच्या नजरेची असते. तिची दखल सहसा तळटीपेत घेतली जाते, ही गोष्ट वेगळी. आपल्या जुन्या देवळांतील कावी चित्रांचेही तेच. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून वेलबुट्टी आणि पुराणातील प्रसंग उमटवण्याची ही कला जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक ठिकाणी ऑइलपेंटखाली गेली. दर सोमवारी दर्शनाला जाणाऱ्यांपैकी कोणी त्या भिंतीचे एखादे छायाचित्र काढून ठेवले असते, तर निदान काय गेले ते तरी कळले असते.

बघणारे डोळे आपल्याकडे नाहीत, असे नाही. चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधताना माट्टीची फळे, कांगण्यो, घागऱ्यो, कवंडळ कुठल्या डोंगराच्या कुठल्या कुशीला मिळतील हे सांगणारी माणसे प्रत्येक वाड्यावर आहेत. परंतु हे ज्ञान भाद्रपदात जागे होते आणि विसर्जनानंतर पुढच्या वर्षापर्यंत कोणी त्याला विचारत नाही.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे आणि या नोंदवहीत प्रजातींबरोबर त्यांच्याविषयीचे स्थानिक ज्ञानही यावयाचे असते. सहलीला, कामाला किंवा देवदर्शनाला जाता-येता जे वेगळे दिसेल त्याची जागा, महिना, गावातले नाव आणि जमल्यास छायाचित्र एवढे टिपून समितीकडे द्यावे आणि समित्यांनीही ते वर्षभर स्वीकारावे, अशी माझी सूचना आहे. नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवण्याचा दस्तऐवज नव्हे. एखाद्या सड्याच्या भवितव्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे आला, तर 'तिथे काहीच नाही' या विधानाला तोंडी आक्षेपापेक्षा तारखेसह केलेली नोंद अधिक चांगले उत्तर देऊ शकेल.

आपल्या दैनिकानेही अशा नोंदींसाठी महिन्यातून एकदा थोडी जागा द्यावी, ही विनंती. मात्र दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत तालुक्याचा उल्लेख पुरेसा मानून नेमके ठिकाण छापू नये. फुले पाहायला येणाऱ्यांची गर्दी काय करू शकते, हे कासच्या पठाराने दाखवून दिले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली