हे कितव्या पानावर आहे?

मा. संपादक,
स. न.

मठ नाही, गादी नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, थोडा वेळ शांत बसायचं, एखादा उतारा वाचायचा आणि त्यावर बोलायचं. अशा एका आध्यात्मिक गटात मी बरीच वर्षं जाते. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘पुस्तकी ज्ञान नको, अनुभव हवा.’ पूर्वी मीही मान डोलवायचे. आता मला त्या वाक्याची धास्ती वाटते.

त्याला कारण घडलं. आमच्याकडे एक वचन सगळ्यांच्या तोंडी होतं. कुणी दुःखात असला की तेच ऐकवायचं, वाद मिटवायलाही तेच. नवीन आलेल्या एका मुलीने साधेपणाने विचारलं, ‘हे कितव्या पानावर आहे?’ आम्ही ग्रंथ पालथा घातला. वचन नव्हतंच! ते आमच्यातल्याच एका ज्येष्ठांचं होतं. त्यांनी फसवलं असंही नाही. त्यांनाही ते ग्रंथातलंच वाटत होतं. गुरू नको म्हणून एकत्र आलेल्या आम्हा लोकांमध्ये गुरू केव्हाच तयार झाला होता, आणि पत्ता कुणालाच नव्हता. गादीवरच्या गुरूला निदान जाब तरी विचारता येतो. जिथे पदच नाही, तिथे विचारायचं कुणाला?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी याच वळणावर आली होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकल्याने कुणी धर्मोपदेशक होत नाही, असं पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स ठणकावून सांगत. पाद्री नाही, सर्वांनी शांत बसायचं, ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलायचं. मग १६५६ मध्ये त्यांच्यातलाच नामांकित वक्ता जेम्स नेलर येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाचं अनुकरण करत घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला, आणि सोबतचे लोक त्याची स्तुती गात चालले. पार्लमेंटने ईशनिंदेबद्दल त्याची जीभ तापल्या सळईने भोसकवली. शिक्षा अमानुषच होती. पण एकट्याची प्रेरणा सर्वांनी मिळून पारखून घ्यायची, ही रीत पंथात त्यानंतर पक्की होत गेली. १६६८ मध्ये याच फॉक्स यांनी वॉल्थॅमला मुलांची आणि शॅकलवेलला मुलींची शाळा काढायला लावली. विद्यापीठाच्या नावाने नाक मुरडणारा माणूस शाळेच्या मागे लागतो, यात मला विसंगती दिसत नाही. पदवीने अधिकार मिळतो, हे त्यांना मान्य नव्हतं. शिकण्याला त्यांचा विरोध कुठे होता?

गुरुपद नाकारणारे विचारवंत जे. कृष्णमूर्ती यांचंही तेच. ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधल्या ओमेन येथे त्यांनी स्वतःभोवती उभा राहिलेला संघ बरखास्त केला, पण शाळांमधलं लक्ष काही काढून घेतलं नाही. इंग्लंडमधली ब्रॉकवुड पार्कची शाळा तर त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाली.

आमच्यासारख्या गटात शिक्षण आणायचं म्हटलं, तर अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र आलं की मागोमाग संस्था येते, हा आक्षेप खरा आहे. प्रमाणपत्र नकोच. पण मूळ मजकूर समोर ठेवून वाचणं, दोन भाषांतरं शेजारी शेजारी लावून पाहणं, आपल्या परंपरेतल्या लाजिरवाण्या गोष्टीही माहीत करून घेणं, यासाठी संस्था लागत नाही. आपल्याला काय कळत नाही, हेही शिकावं लागतं. नैराश्यात बुडालेल्या एका सोबत्याला आम्ही ‘ध्यान वाढव’ असं सांगत राहिलो. त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. त्याला नेलं त्याच्या बहिणीने, आमच्यापैकी कुणी नाही. अनुभवाच्या गप्पा मारणाऱ्या आम्हाला एवढं साधं कळू नये, याची खंत अजून जात नाही.

सध्या आमचा एकच नियम आहे : वचन सांगायचं तर पान उघडून. ते ज्येष्ठ आता ग्रंथ घेऊनच येतात. परवा एका ओळीवर बोट ठेवून त्यांनीच विचारलं, ‘हे भाषांतर बरोबर वाटतं का?’ तासभर त्यावरच गेला, शांत बसायचं राहूनच गेलं. त्यावरून दोघे-तिघे नाराज झाले. त्यांचंही अगदीच चुकलं, असं मी म्हणणार नाही.

– एक वाचक